दिनविशेष १४ एप्रिल : महूची छावणी ते बेळगावची पलटण

१४ एप्रिल. १९१२ साली याच रात्री टायटॅनिक हिमनगावर आदळली, १९४४ साली याच दुपारी मुंबईच्या गोदीत भीषण स्फोट झाला. पण मराठी माणूस सीमेच्या अलीकडचा असो की पलीकडचा, त्याच्यासाठी ही तारीख म्हणजे भीमजयंती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली इंदूरजवळच्या महू छावणीत झाला. रामजी आणि भीमाबाईंचं हे चौदावं अपत्य. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. वडील फौजेत सुभेदार, लष्करी शाळेत शिकवायचे. गावानं अस्पृश्य ठरवलेल्या या घरात शिक्षण आलं ते पलटणीमुळे.

पण भीमराव लहान असतानाच इंग्रजांनी महारांची फौजभरती बंद केली. रामजी १८९४ ला निवृत्त झाले, कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. तिथल्या शाळेत सुभेदाराच्या पोरालाही वेगळंच बसावं लागलं. पहिल्या महायुद्धात भरतीचं दार थोडे दिवस उघडलं, परत बंद झालं.

बाबासाहेब कोलंबिया, लंडनला शिकून आले, १९२७ ला महाडचं तळं खुलं करायला उतरले. ते बंद दार मात्र विसरले नाहीत. १९४१ साली संरक्षण सल्लागार समितीवर आल्यावर त्यांनी महारांच्या भरतीचा आग्रह धरला. त्याच ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती आपल्या बेळगावात.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. आज महूत जन्मस्थळी स्मारक आहे आणि दर १४ एप्रिलला महाराष्ट्रातूनही माणसं तिथं पोचतात.