जनरल आन्री गीझाँ : न लढलेल्या युद्धाचे सेनापती

सेनापतीचे चरित्र म्हटले की रणवाद्ये, तोफांचा गडगडाट आणि शत्रूची दाणादाण ही दृश्ये डोळ्यांपुढे उभी राहतात. या लेखात आम्ही ज्या सेनापतींची ओळख करून देणार आहोत, त्यांच्या चरित्रात यांपैकी फारसे काहीच नाही. सहा वर्षे ते आपल्या देशाच्या सैन्याचे सर्वाधिकारी होते. पण त्या काळात त्यांच्या सैन्यावर एकही मोठी लढाई लढण्याचा प्रसंग आला नाही. असे असूनही त्यांची तसबीर त्या देशातील घराघरांत आणि खाणावळींतून लागली. लढाई झाली नाही हीच ज्यांची कीर्ती, असे हे पुरुष म्हणजे स्वित्झर्लंडचे जनरल आन्री गीझाँ होत.

त्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतातील मेझिएर या खेड्यात झाला. वडील डॉक्टर होते. आन्री यांचा ओढा मात्र शेतीकडे होता. शिक्षण संपल्यावर त्यांनी शेतीचाच व्यवसाय पत्करला. १८९७ मध्ये मेरी डोल्कर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे जिनिव्हा सरोवराच्या काठी, प्युली येथील व्हेर्त रीव्ह या घरी हे दांपत्य स्थायिक झाले. शेतकरी असतानाच ते सैन्यातही अधिकारी होते. हे ऐकून आमच्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल. पण त्या देशाची रीतच तशी आहे. तेथील सैन्य मुख्यत्वे नागरिकांचे. शिंपी, शिक्षक, गवळी, कारकून, सारेच ठरावीक दिवस लष्करी शिक्षण घेतात, बंदूक घरी बाळगतात आणि बोलावणे आले की गणवेश चढवून हजर होतात. शांततेच्या काळात त्या सैन्यात जनरल हे पदच नसते. संकट ओढवले म्हणजे संसदेची दोन्ही सभागृहे एकत्र बसून एकाची त्या पदावर निवड करतात आणि संकट टळले की ते पद संपते.

दुसरे महायुद्ध दाराशी येऊन ठेपले, तेव्हा ३० ऑगस्ट १९३९ रोजी संसदेने गीझाँ यांना जनरल निवडले. त्या वेळी त्यांचे वय ६४ वर्षांचे होते. या निवडीतील एक गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषा बोलल्या जातात. रोमान्श बोलणारे मूठभर. तरी १९३८ मध्ये जनतेने मतदान करून त्या भाषेलाही राष्ट्रभाषेचा मान दिला. देशात बहुसंख्या जर्मन भाषिकांची, आणि गीझाँ तर फ्रेंच भाषिक. पहिल्या महायुद्धात याच भाषाभेदामुळे देशात मोठी तेढ माजली होती. जर्मन भाषिकांची सहानुभूती एका बाजूस, तर फ्रेंच भाषिकांची दुसऱ्या बाजूस, असा प्रकार होता. या खेपेस मात्र जर्मन भाषिक सैनिकांनी फ्रेंच भाषिक सेनापतीवर मनापासून विश्वास टाकला. आमच्या घरी कोकणी बोलली जाते आणि शाळेत आम्ही मराठी शिकवतो. एका माणसाच्या तोंडी दोन भाषा सुखाने नांदू शकतात, हे आम्ही रोज अनुभवतो. एका देशात चार भाषा नांदाव्यात यात आम्हांला मुळीच आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य वाटते ते इतकेच की, शेजारी आग लागलेली असतानाही हे ऐक्य टिकले.

आता १९४० च्या त्या भयंकर वर्षाकडे वळू. सुमारे ४२ लाख लोकसंख्येच्या त्या देशाने चार लाखांहून अधिक माणसे शस्त्रसज्ज केली होती. म्हणजे दर दहा माणसांमागे एक जण सैन्यात. १० मे १९४० रोजी हिटलरच्या फौजा हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग या देशांत शिरल्या. हॉलंड आणि बेल्जियम हेही तटस्थ देश होते; तटस्थतेने त्यांना वाचवले नाही. आता आपली पाळी, या भीतीने बासेल आणि झुरिक या सीमेजवळच्या शहरांतील हजारो कुटुंबे मोटारींवर गाद्या व बोचकी बांधून डोंगराळ भागाकडे निघाली. सैन्याला पुन्हा सर्वत्र सज्जतेचा हुकूम सुटला.

हल्ला आला नाही. पण फ्रान्स कोसळला. १० जून रोजी इटली युद्धात उतरली आणि २२ जून रोजी फ्रान्सने जर्मनीशी तहावर सही केली. त्या धामधुमीत, २० जूनच्या सुमारास, फ्रान्सची एक कोंडीत सापडलेली तुकडी ज्यूरा डोंगरातून स्वित्झर्लंडच्या सीमेवर येऊन थडकली. तिच्यात हजारो पोलिश सैनिकही होते. अशी ४० हजारांहून अधिक माणसे शस्त्रे खाली ठेवून आत आली. स्विस लोकांना हे दृश्य अगदीच नवे नव्हते. १८७१ च्या फेब्रुवारीत, फ्रान्स व जर्मनी यांच्या आधीच्या युद्धात, जनरल बुर्बाकी यांच्या थिजलेल्या, उपाशी सैन्यातील सुमारे ८७ हजार माणसे याच रीतीने बर्फातून सीमा ओलांडून आली होती, आणि खेड्यापाड्यांतील लोकांनी त्यांना सूप, कांबळी व निवारा दिला होता. १९४० मध्ये आलेल्या पोलिश सैनिकांनी पुढे त्या देशात रस्ते बांधले, शेतात राबले. त्यांनी केलेल्या काही वाटा आजही त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

आता स्वित्झर्लंडच्या चारही बाजूंना हिटलर, मुसोलिनी किंवा त्यांच्या दबावाखालचे प्रदेश होते. बाहेर पडण्यास जिनिव्हाजवळची एक चिंचोळी फट तेवढी उरली. त्यातच एक नामुष्कीची गोष्ट घडली. गीझाँ यांनी फ्रेंच सेनाधिकाऱ्यांशी, जर्मनीने हल्ला केल्यास एकमेकांना साहाय्य कसे करावे, याची गुप्त योजना आखली होती. तिचे कागद फ्रान्समधील ला शारिते या गावी जर्मन सैनिकांच्या हाती लागले. तटस्थ म्हणवणाऱ्या देशाच्या मानेवर तलवार टांगती राहिली. स्विस वैमानिक हद्दीत शिरलेली जर्मन विमाने पाडीत होते, आणि तीही जर्मनीकडूनच विकत घेतलेल्या विमानांतून! बर्लिनहून धमक्या येऊ लागल्या, तेव्हा हे हवाई द्वंद्व थांबवण्याचा कटू हुकूम गीझाँ यांना द्यावा लागला.

२५ जून रोजी राष्ट्राध्यक्ष मार्सेल पिले-गोलाझ यांनी रेडिओवरून जनतेला उद्देशून भाषण केले. त्यांनी बदलत्या युरोपाशी जुळवून घेण्याची भाषा केली. प्रतिकाराविषयी स्पष्ट असे काही सांगितले नाही. लोक गोंधळून गेले. सरकार झुकणार की लढणार, हे कोणाच्याच ध्यानात येईना. सैन्याचा बराचसा भाग घरी पाठवण्यात आला, कारण शेते आणि कारखाने ओस पडू लागले होते. पण घरी परतलेल्या सैनिकाच्या मनात एकच प्रश्न घोळत होता : आता आपण शरण तर जाणार नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर गीझाँ यांनी २५ जुलै १९४० रोजी दिले. त्यांनी सैन्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना ल्युसर्न शहरी बोलावले. चारशेहून अधिक अधिकारी ‘श्टाट ल्युसर्न’ या आगबोटीत चढले आणि सरोवरातून र्‍यूटली नावाच्या कुरणाकाठी उतरले. देशाचे सारे सेनानायक एका बोटीवर. एक बाँब पडता तर सैन्य पोरके झाले असते. तरीही गीझाँ यांनी हीच जागा का निवडली? १२९१ मध्ये उरी, श्वीझ आणि उंटरवाल्डन या तीन प्रांतांतील माणसांनी याच कुरणावर एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतली व त्यातून स्विस राष्ट्राचा जन्म झाला, अशी तेथील परंपरागत कथा आहे. मुले ती शाळेत शिकतात. त्या भूमीवर अर्धवर्तुळात उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यांना गीझाँ यांनी साध्या शब्दांत आपला बेत सांगितला. देश शरण जाणार नाही. बाहेरून किंवा आतून कोणीही हल्ला केला तरी प्रतिकार होईल. आणि हा प्रतिकार आल्प्स पर्वताच्या गाभ्यातून होईल, असा त्याचा मथितार्थ होता. बातमी पसरली आणि खचलेल्या जनतेला धीर आला. जर्मनी व इटली यांनी लागलीच निषेध नोंदवला. बाण नेमका लागल्याचीच ती खूण होती.

या बेताला आल्प्सचा राष्ट्रीय दुर्ग असे म्हणता येईल. सारगान्स, गॉटहार्ड आणि सें मोरीस ही तीन दुर्गम ठाणी खडक फोडून बळकट केली गेली. गॉटहार्ड आणि सिंप्लॉन हे रेल्वेचे बोगदे सुरुंगांनी उडवून देण्याची तयारी ठेवण्यात आली. जर्मनी व इटली यांच्यामधील मालवाहतुकीस हे बोगदे फार महत्त्वाचे होते. देश घेतलाच तर हाती ढिगारे येतील, असा त्याचा अर्थ. सह्याद्रीच्या किल्ल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आमच्या वाचकांना या विचाराची ओळख पटावी. पण त्याची किंमतही ध्यानात घ्यावी. सैन्य डोंगरात, आणि बहुतेक जनता सपाटीवरच्या झुरिक, बर्न, लोझान अशा शहरांत. हल्ला झाला असता तर सैनिकाला आपली बायकामुले शत्रूच्या हाती सोडून कड्यावर लढावे लागले असते.

पोटाची लढाईही तितकीच खडतर होती. कृषितज्ज्ञ फ्रीड्रिख ट्राउगोट वालेन यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये अन्नवाढीची मोहीम मांडली. शहरांतील बागा आणि क्रीडांगणे नांगरून तेथे बटाटे लावले गेले.

जर्मन सेनानींनी स्वित्झर्लंडवर स्वारीचे आराखडे आखले होते. पण स्वारी झाली नाही. का झाली नाही? केवळ गीझाँ यांच्यामुळे, असे म्हणणे सोपे आहे. ते सर्वस्वी खरे नाही. स्विस कारखाने जर्मनीला माल पुरवीत होते, स्विस बँका जर्मनीचे सोने घेत होत्या, आणि बोगद्यांतून गाड्या धावत होत्या. हे सारे चालू राहण्यात हिटलरचाही लाभ होता. शौर्य आणि व्यवहार यांची गाठ तेथे घट्ट बांधलेली होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, ज्यू लोकांची कत्तल चालू असताना, स्विस सरकारने त्यांच्यापुढे सीमा बंद केली आणि जीव वाचवण्यासाठी आलेल्या हजारो निरपराधांना परत पाठवले. ज्या देशाने १८७१ मध्ये बर्फातून आलेल्यांना ऊब दिली, त्याच देशाने हे केले. सेंट गालन प्रांतातील पाउल ग्रुनिंगर या पोलीस अधिकाऱ्याने नियम मोडून अनेकांना आत घेतले होते; त्याला १९३९ मध्ये नोकरीवरून काढले, दोषी ठरवले, आणि त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, १९९५ मध्ये, न्यायालयाने त्याला निर्दोष म्हटले. गीझाँ यांनी स्वतः १९४३ मध्ये हिटलरच्या गुप्तचर विभागातील शेलेनबर्ग याची भेट घेतली, तीवरही टीका झाली. थोर माणसाच्या चरित्रातील आणि थोर देशाच्या इतिहासातील अशी पाने फाडून टाकू नयेत, असे आमचे मत आहे. भीती शूरालाही दार लावून घ्यायला लावते, हा धडा त्याच पानांवर लिहिलेला असतो.

युद्ध संपताच २० ऑगस्ट १९४५ रोजी गीझाँ यांनी सर्वाधिकार खाली ठेवले. सहा वर्षे देशाचे सैन्य ज्यांच्या शब्दावर चालले, ते पुन्हा साधे नागरिक म्हणून व्हेर्त रीव्हला परतले. ७ एप्रिल १९६० रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला लोझान शहरी अफाट लोक लोटले. १९६७ मध्ये त्याच शहरात, सरोवराच्या काठी, त्यांचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला.

विद्यार्थिमित्रहो, सत्ता हाती घेणारे पुष्कळ असतात. मुदत सरताच ती शांतपणे परत करणारे थोडे. लढणारे पुष्कळ असतात. लोक गोंधळले असताना एक स्पष्ट शब्द वेळेवर बोलणारे थोडे. गीझाँ यांची थोरवी आम्हांला या दोन गोष्टींत दिसते. आणि तो शब्द त्यांच्या मातृभाषेहून निराळी भाषा बोलणाऱ्या लाखो देशबांधवांनी आपला मानला, यात त्या छोट्या देशाची थोरवी दिसते.