शहजादी निलोफर

रेड हिल्सकडे निघालेल्या रिक्षावाल्यास निलोफर एवढे सांगितले की पुरते. पुढे दवाखाना म्हणावे लागत नाही. सुलतान बाजार, काचीगुडा भागांतील किती तरी मराठी घरांतली मुले तेथे जन्मली, तापाने फणफणली असता रात्री-अपरात्री तेथेच नेली गेली. नाव इतके तोंडी बसले की ते एका बाईचे आहे याचा विसर पडावा. शब्दही मूळचा आपलाच. संस्कृत नीलोत्पल फारसीत जाऊन निलोफर होऊन परत आले.

शहजादी निलोफर यांचा जन्म ४ जानेवारी १९१६ रोजी इस्तंबूल येथे झाला. आईकडून त्या उस्मानी सुलतान पाचवे मुराद यांच्या पणती. वडील त्यांच्या बालपणीच वारले. १९२४ साली खिलाफत संपुष्टात आली, राजघराणे देशोधडीस लागले आणि मायलेकींनी फ्रान्समधील नीस येथे बिऱ्हाड केले. त्याच गावी नोव्हेंबर १९३१ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दोन्ही पुत्रांचे विवाह झाले. थोरले आझम जाह यांना माजी खलिफांची कन्या दुर्रुशेहवार दिली गेली. निलोफर यांचा विवाह धाकटे मुअज्जम जाह यांच्याशी झाला. आपले मुअज्जम जाही मार्केट यांच्याच नावाचे. वधूचे वय तेव्हा पुरते सोळाही नव्हते.

हैदराबादेत त्या हिल फोर्टमध्ये राहू लागल्या. पडदा त्यांनी पाळला नाही. त्यांच्या रूपाची आणि जरीकाम केलेल्या साड्यांची चर्चा दूरवर होई. तिच्यावर आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे, म्हणून येथे अधिक सांगत नाही. महायुद्धाच्या काळात त्या परिचारिकेचे शिक्षण घेऊन मदतकार्यात उतरल्या, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

जाऊबाईंना दोन मुलगे झाले. निलोफर यांची कूस उजवली नाही. परदेशी वैद्य झाले, उपचार झाले. १९४८ मध्ये पतीने दुसरा विवाह केला. पुढच्याच वर्षी त्यांची दासी रफतुन्निसा बाळंतपणात दगावली. तिचा त्यांना फार लळा होता. राजवाड्यातील दासीची ही गत, मग गल्लीबोळातील बायकांचे काय, या विचाराने त्या अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी सासऱ्यांकडे शब्द टाकला, असे सांगतात. संस्थान तोवर भारतात विलीन झाले होते. स्त्रिया व मुलांसाठी शंभर खाटांचे रुग्णालय १९५३ साली सुरू झाले. त्याच्या आदल्याच वर्षी निलोफर यांचा घटस्फोट झाला होता. सून गेली, नाव राहिले.

त्या वेळी अपुऱ्या दिवसांच्या मुलाबद्दल वैद्यकास तरी काय ठाऊक होते? आपल्याकडे सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, अशी समजूत होती. ती खरी नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा मुलाच्या पदरात पडतो. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलाच्या अंगावर चरबी बेताची, म्हणून ते लवकर गार पडते. त्याहूनही आधी आलेल्यास चोखणे आणि गिळणे यांचा मेळ साधत नाही. कापसात गुंडाळून, जवळ शेगडी ठेवून, कापसाच्या बोळ्याने दूध पाजणाऱ्या आजीबाई अगदीच चुकत नव्हत्या. पण श्वासाचे कोडे आजीबाईंना उलगडले नव्हते आणि डॉक्टरांनाही नाही. फुप्फुसातील बारीक पिशव्या मिटू न देणारा द्रव अशा मुलांत अपुरा असतो, हे बोस्टनच्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ साली दाखवले. म्हणजे निलोफर उघडले तेव्हा ही मुले का गुदमरतात याचे नेमके उत्तर कोठेच नव्हते. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच विकाराने ३९ तासांत गेला. तेथे पैशाची वाण नव्हती; औषध नव्हते.

दुसरा प्रश्न वजनाचा. दिवस भरूनही मूल अडीच किलोंहून कमी का भरते? पोषण संशोधनाची कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८-५९ च्या सुमारास हैदराबादेत आली; तिचे संचालक होते डॉ. व्ही. एन. पटवर्धन. पुढे तीच राष्ट्रीय पोषण संस्था झाली. गरीब गर्भवतींना शेवटच्या महिन्यांत पुरेसे अन्न मिळाले तर मुलाचे वजन वाढते, हे येथल्या संशोधकांनी साठीच्या दशकात दाखवले. निलोफरमधील कुपोषित मुलांवर उपचार करता करताही या संस्थेचे डॉक्टर पुष्कळ शिकले. रफतुन्निसासारख्यांच्या घरात काय शिजते आणि काय शिजत नाही, हा आता शास्त्राचा विषय झाला होता.

निलोफर तोवर फ्रान्समध्ये स्थायिक झाल्या होत्या. १९६३ मध्ये त्यांनी एडवर्ड पोप या अमेरिकन गृहस्थाशी विवाह केला. मूल त्यांना कधीच झाले नाही. १२ जून १९८९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. बोबिन्यी येथील मुस्लिम दफनभूमीत त्यांची कबर आहे.