पोराला वेळेत दवाखान्यात नेता आलं नाही. त्या बापाने पुढे बर्फावर पळणारी गाडी इतकी हलकी केली की जगाने उचलून धरली

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना बॉम्बार्डियर हे नाव नवीन नाही. २०१५ पासून ज्या नव्या लोकल धावायला लागल्या, त्यांची विजेची यंत्रणा या कॅनडाच्या कंपनीची. पण बॉम्बार्डियर हे एका माणसाचं आडनाव आहे, आणि त्या माणसाने आयुष्यात ना रेल्वे बनवली ना विमान. त्याने आयुष्यभर एकाच गोष्टीशी झगडा केला. ती गोष्ट म्हणजे वजन.

त्याचं नाव जोसेफ-आर्मंड बॉम्बार्डियर. आज जगभर ज्या स्नोमोबाईल बर्फावर पळतात, त्यामागे याच माणसाचं डोकं आहे.

जन्म १६ एप्रिल १९०७ चा. गाव व्हालकूर, कॅनडाच्या क्युबेक प्रांतातलं. घरात फ्रेंच बोलली जायची. आठ भावंडांमध्ये हा थोरला.

आमच्या बोरगाव मेघेत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे तिथल्या हिवाळ्याची कल्पना करणं आपल्याला जरा अवघड आहे. पण एक गोष्ट आपल्याला चांगली कळते. पावसाळ्यात काळ्या रानात बंडी फसते ना, तसंच तिकडे बर्फात व्हायचं. फरक एवढाच की आपल्याकडे पाऊस थांबला की दोन दिवसांनी रान वापशावर येतं. तिकडे बर्फ चार-चार, पाच-पाच महिने हलायचा नाही. तेव्हा खेड्यातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची सोय नव्हती. हिवाळा लागला की मोटारी बंद. घोड्याची घसरगाडी असेल तर ठीक, नाहीतर घरात बसायचं.

आर्मंडला लहानपणापासून यंत्रांचं वेड. हाताला लागेल ते खोलून बघायचा. शेवटी बापाने एक मोडकं फोर्ड गाडीचं इंजिन त्याला देऊन टाकलं. पोराने काय करावं? ते इंजिन लाकडी घसरगाडीवर बसवलं आणि मागे विमानासारखा पंखा लावला. ३१ डिसेंबर १९२२ ला, वयाच्या १५ व्या वर्षी, भावाला सोबत घेऊन त्याने ही गाडी गावातून पळवली. गाव बघत राहिलं. बापाने मात्र मागे गरगर फिरणारा तो उघडा पंखा पाहिला आणि गाडी तिथल्या तिथे मोडायला लावली.

गाडी मोडली, डोक्यातली कल्पना नाही मोडली.

घरच्यांनी त्याला शेरब्रुकच्या धार्मिक शाळेत घातलं होतं. तिथे काही मन रमलं नाही. १७ व्या वर्षी शाळा सोडून गडी गॅरेजमध्ये कामाला लागला. दिवसा काम, रात्री मेकॅनिकचे वर्ग. १९२६ मध्ये, अवघ्या १९ व्या वर्षी, त्याने गावात स्वतःचं गॅरेज टाकलं. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक हिच्याशी लग्न झालं.

उन्हाळाभर तो लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा. हिवाळ्यात गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा बर्फावर चालणारी गाडी बनवायच्या मागे लागायचा. एकदोन माणसांपुरती छोटीशी गाडी असावी, असं त्याच्या मनात होतं. पण घोडं अडलं ते इंजिनापाशी. त्या काळात मिळणारी इंजिनं एवढी जड की छोट्या गाडीवर बसवली तर गाडी इंजिनासकट बर्फात रुतायची.

मग जानेवारी १९३४ उजाडला. त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉं आजारी पडला. अपेंडिक्स फुटून संसर्ग पोटात पसरला होता. ऑपरेशन तातडीने व्हायला हवं होतं आणि दवाखाना होता शेरब्रुकला, साधारण ५० किलोमीटरवर. रस्ते बर्फाने बंद. गॅरेजमध्ये गाडीचं काम चाललेलं, पण ती अजून धावण्याच्या अवस्थेत नव्हती.

पोरगं गेलं.

आपल्याकडेही पुरात रस्ता तुटला म्हणून रुग्ण अडकल्याच्या बातम्या येतात. त्या वाचल्या की आर्मंडच्या घरात त्या रात्री काय झालं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही.

यानंतर तो कामाला आणखी जोमाने भिडला. आता थोडं तंत्र समजून घेऊ. चिखलात पाय रुतायला लागला की आपण फळी टाकतो. वजन तेवढंच असतं, पण ते जास्त जागेवर पसरतं आणि माणूस वर राहतो. बर्फाचंही तसंच. गाडीला चाकांऐवजी रणगाड्यासारखा रुंद पट्टा लावला की वजन पसरतं. अडचण अशी की लोखंडी पट्टा भयंकर जड होतो आणि त्यात बर्फ गच्च बसतो. आर्मंडने रबर चढवलेलं दातेरी चाक बनवलं आणि त्यावर रबर-कापडाचा पट्टा फिरवला. रबराला बर्फ चिकटेना आणि वजनही आटोक्यात आलं. २९ जून १९३७ ला त्याला या रचनेचं पेटंट मिळालं.

त्यातून आली बी-७. सात जण बसतील अशी बंदिस्त गाडी, पुढे पाय म्हणून स्की आणि मागे पट्टे. ती घेतली कुणी? खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या डॉक्टरांनी, पाद्र्यांनी, टपाल पोचवणाऱ्यांनी. ज्या सोयीअभावी त्याचं पोरगं गेलं, ती सोय आता दुसऱ्यांच्या दारात पोचत होती. पाठोपाठ बारा जणांची बी-१२ आली. १९४२ मध्ये रीतसर कंपनी उभी राहिली.

आणि मग धंद्यालाच फटका बसला. १९४८ मध्ये क्युबेक सरकारने हिवाळ्यात खेड्यांतले रस्तेही साफ ठेवायचं ठरवलं. लोकांसाठी चांगलीच गोष्ट, पण रस्ता मोकळा असेल तर बर्फगाडी घेणार कोण? विक्री धाडकन पडली. आर्मंड दलदलीत आणि जंगलात चालणाऱ्या ट्रॅक्टरकडे वळला आणि कंपनी तगली.

मोठ्या गाडीचे दिवस सरले, तसं जुनं छोट्या गाडीचं स्वप्न परत वर आलं. १९५० च्या दशकात दोन गोष्टी जुळून आल्या. एक, बाजारात लहान आणि हलकी इंजिनं मिळायला लागली. दोन, त्याचा मुलगा जर्मेन याने सलग, बिनजोडाचा रबरी पट्टा तयार केला. १९५९ मध्ये नमुना तयार झाला. आर्मंड तो घेऊन ऑन्टारिओच्या उत्तरेला लॅन्सडाउन हाउस या दूरच्या वस्तीवर गेला. तिथे त्याचा मित्र मॉरिस विमे हा पाद्री होता, त्याच्यासोबत गाडी बर्फावर पळवून पाहिली.

हीच ती स्की-डू. नाव खरं तर स्की-डॉग ठेवायचं होतं, कारण ती कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणार होती. छपाईत शेवटचं अक्षर चुकलं आणि तेच नाव राहिलं, अशी गोष्ट सांगतात. पहिल्या हंगामात फक्त २२५ गाड्या विकल्या गेल्या.

गंमत बघा. या पहिल्या स्की-डूचं इंजिन होतं कोहलर कंपनीचं ७ हॉर्सपॉवरचं, आणि ते होतं फोर स्ट्रोक. पुढे काही वर्षांतच कंपनी रोटॅक्सच्या टू स्ट्रोक इंजिनांकडे वळली. कारण पुन्हा तेच, वजन.

आरएक्स हंड्रेड चालवलेल्यांना हे पटकन कळेल. टू स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक धक्का मिळतो, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. शिवाय फोर स्ट्रोकला व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, तेलाची वेगळी व्यवस्था असा सगळा बारदाना लागतो. म्हणजे तेवढीच ताकद हवी तर इंजिन मोठं आणि जड. टू स्ट्रोक हलकं, पण धूर जास्त आणि पेट्रोलही जास्त पितं.

हा वाद आजही मिटलेला नाही. २००० नंतर अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासाठी धुराचे आणि आवाजाचे नियम कडक झाले आणि फोर स्ट्रोक स्नोमोबाईलचे दिवस परत आले. सपाटीवर त्या छान चालतात. डोंगरात मात्र भुसभुशीत बर्फ, विरळ हवा आणि उभी चढण. तिथे गाडी नुसती चालवायची नसते, अंगाने झुकवून उतारावर तोलायची असते. रुतली तर हाताने ओढून काढायची असते. डोंगरातली टू स्ट्रोक गाडी इंधनाशिवाय दोनशे किलोच्या आसपास भरते, फोर स्ट्रोक त्याहून चाळीस-पन्नास किलो जड. म्हणून हौशी लोक लिथियमची छोटी बॅटरी, हलका सायलेन्सर, साखळीऐवजी पट्टा असे बदल करत एकेक किलो उतरवत असतात.

शंभर वर्षांपूर्वी व्हालकूरच्या गॅरेजमध्ये आर्मंड नेमकं हेच करत होता.

स्की-डूची खरी भरभराट त्याला फार काळ बघता आली नाही. १८ फेब्रुवारी १९६४ ला कर्करोगाने त्याचं निधन झालं. वय अवघं ५६. डॉक्टर, पाद्री आणि शिकाऱ्यांच्या कामासाठी केलेली गाडी तोवर लोकांच्या सुट्टीच्या मौजेची व्हायला लागली होती. त्याच्यामागे जावई लॉरां बोदवँ याने कंपनी रेल्वे आणि विमानांपर्यंत नेली. त्यातला रेल्वेचा धंदा २०२१ मध्ये आल्स्टॉमकडे गेला.

व्हालकूरमध्ये आता त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. १९२६ मध्ये पोरसवदा आर्मंडने उघडलेलं ते गॅरेज तिथे जपून ठेवलंय. आणि जिथे आजही रस्ता पोचत नाही, अशा बर्फाळ वस्त्यांमधून आजारी माणसाला दवाखान्यापर्यंत आणायला स्नोमोबाईलच निघते.