एमा लुईझा टर्नर
एमा लुईझा टर्नर (९ जून १८६७ – १३ ऑगस्ट १९४०) या इंग्लिश पक्षीतज्ज्ञ, लेखिका आणि पक्षी-छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होत्या. बगळ्यांच्या कुळातील बिटर्न हा पक्षी ब्रिटनमध्ये पुन्हा वीण करू लागल्याचा छायाचित्ररूप पुरावा त्यांनी १९११ मध्ये मिळवला.

जीवन

त्यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यातील लँग्टन ग्रीन येथे झाला. लहानपणीच आईचे निधन झाल्याने घराची जबाबदारी त्यांच्यावर पडली. १९०० मध्ये पक्षी-छायाचित्रकार रिचर्ड कीर्टन यांच्याशी भेट झाल्यावर त्या छायाचित्रणाकडे वळल्या. पुढे सुमारे वीस वर्षे त्या दरवर्षी काही काळ नॉरफोकमधील हिकलिंग ब्रॉड या उथळ तळ्यावर राहत. तेथील त्यांच्या घरनौकेला त्यांनी ‘वॉटर रेल’ या पाणथळ पक्ष्याचे नाव दिले होते.

बिटर्नचा शोध

बिटर्न बोरूच्या दाट बनात राहतो. धोका जाणवताच तो मान ताठ करून चोच आकाशाकडे रोखतो. त्याच्या अंगावरील पट्टे वाळलेल्या बोरूशी इतके मिळतेजुळते असतात की जवळूनही तो दिसत नाही. विणीच्या हंगामात नराचा घुमणारा आवाज मात्र दूरवर ऐकू येतो. दलदलींचा निचरा, शिकार आणि संग्राहकांची हाव यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील त्याची वीण थांबली होती. त्या काळी दुर्मीळ पक्ष्याची नोंद पटवण्यासाठी तो बंदुकीने टिपण्याची प्रथा होती. पुरावा मिळे, पण पक्षी जाई. १९११ च्या उन्हाळ्यात टर्नर आणि तेथील रखवालदार जिम व्हिन्सेंट यांना हिकलिंगच्या बनात बिटर्नचे पिल्लू सापडले. टर्नर यांनी काचपट्टीवर त्याचे छायाचित्र घेतले. नोंद सिद्ध झाली आणि पिल्लूही जिवंत राहिले. त्यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सुवर्णपदकही मिळाले.

अन्य कार्य

लिनियन सोसायटीने फेलो म्हणून निवडलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचा समावेश होता. १९०९ मध्ये त्या ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनच्या पहिल्या मानद स्त्री-सदस्यांपैकी एक झाल्या. १९२४ व १९२५ मध्ये त्यांनी नॉरफोकच्या किनाऱ्यावरील स्कॉल्ट हेड बेटावर झोपडीत राहून तेथे वीण करणाऱ्या सुरय पक्ष्यांची राखण केली. ‘ब्रॉडलँड बर्ड्स’ (१९२४) आणि ‘बर्ड वॉचिंग ऑन स्कॉल्ट हेड’ (१९२८) ही त्यांची उल्लेखनीय पुस्तके होत.

अखेर

पक्षी निरखण्यात आयुष्य घालवलेल्या टर्नर यांची दृष्टी अखेरच्या काळात गेली. केंब्रिज येथे वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.