श्रीनारायण गुरू

भारताच्या दक्षिण टोकाला पूर्वी त्रावणकोर नावाचे संस्थान होते. नारळी-पोफळींनी नटलेल्या त्या रम्य प्रदेशात जातिभेदाने मात्र अत्यंत उग्र रूप धारण केले होते. ईळवा ही तेथील एक मोठी जात. शेती, विणकाम व माडी काढणे हे तिचे व्यवसाय. त्यांच्यात निष्णात वैद्य होते, संस्कृत जाणणारे होते. तरीही मोठ्या देवळांची दारे त्यांना बंद असत आणि सवर्णांपासून ठरावीक अंतर राखूनच त्यांना वावरावे लागे. अशाच एका कुटुंबात, तिरुवनंतपुरमजवळील चेंपळंती या खेड्यात, १८५६ च्या सुमारास नारायण गुरूंचा जन्म झाला.

वडील शिक्षक असल्यामुळे विद्येची गोडी त्यांना घरातच लागली. संस्कृतचे अध्ययन संपवून त्यांनी काही काळ मुलांना शिकवले. परंतु त्यांचे मन संसारात रमेना. घर सोडून ते रानावनांत हिंडले, मरुत्वामलै डोंगरावर त्यांनी तप केले आणि शेवटी नेय्यार नदीच्या काठी अरुविप्पुरम येथे ते येऊन राहिले.

१८८८ सालची महाशिवरात्र होती. मध्यरात्री गुरू नदीच्या डोहात उतरले व तळाचा एक दगड घेऊन वर आले. तो उराशी धरून ते कितीतरी वेळ डोळे मिटून उभे होते, असे सांगतात. मग एका खडकावर त्यांनी त्याची शिवलिंग म्हणून स्थापना केली. ना शिल्पकार, ना मुहूर्त! देवाची प्रतिष्ठापना हा केवळ ब्राह्मणांचा अधिकार मानला जात असे. साहजिकच त्यांना जाब विचारण्यात आला. तेव्हा, आपण स्थापिलेला शिव ईळवांचा आहे, असे त्यांनी सौम्यपणे सांगितले. देवाला जात नसते हे विचारणाऱ्यांनाही ठाऊक होते. त्यामुळे ते निरुत्तर झाले.

त्या देवळाच्या व्यवस्थेतूनच १९०३ मध्ये श्रीनारायण धर्म परिपालन योगम ही संस्था उदयास आली. गावोगावी मंदिरे व शाळा निघाल्या. पण गुरूंनी स्वजनांचीही गय केली नाही. माडी गाळणे सोडा, पशुबळी बंद करा, असे त्यांनी आपल्याच लोकांना बजावले. ईळवा स्वतः पुलयांना दूर लोटत, हे तर त्यांना फारच खटके. त्यांनी पुलयांची मुले आपल्या आश्रमात ठेवून घेतली. अनेक ईळवांना हे रुचले नाही. सवर्णांचा रोष सोसणे त्यामानाने सोपे असावे.

वैकोम येथे देवळाभोवतीचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून १९२४ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा गुरूंनी तेथील आपला मठ सत्याग्रहींच्या स्वाधीन केला.

उत्तरायुष्यात त्यांच्या मंदिरांतून मूर्ती हळूहळू नाहीशा झाल्या. एके ठिकाणी त्यांनी नुसता दिवा ठेवला. १९२७ मध्ये कळवंकोड येथे तर त्यांनी गाभाऱ्यात एक आरसा बसवला. दर्शनाला येणाऱ्यास तेथे स्वतःचेच मुख दिसे.

२० सप्टेंबर १९२८ रोजी वर्कलाजवळील शिवगिरी येथे त्यांनी देह ठेवला. त्रावणकोरच्या महाराजांनी राज्यातील सरकारी देवळे सर्व हिंदूंना खुली केली ती १९३६ मध्ये, अरुविप्पुरमच्या त्या रात्रीनंतर ४८ वर्षांनी.