काचेच्या केबिनबाहेरचा माणूस

घरात सगळे मिळून टीव्हीवर क्विझ शो बघत बसलेले असतात. समोरचा स्पर्धक घाम पुसतोय, म्युझिक चढत चाललंय, आपण सोफ्यावर बसून उत्तर ओरडतोय, आणि नेमक्या त्याच वेळी घरातले एखादे काका शांतपणे म्हणतात की हे सगळं आधीच ठरलेलं असतं. काकांकडे पुरावा काहीच नसतो. पण एकदा एका देशात असे संशय घेणारे सगळे काका शंभर टक्के बरोबर निघाले होते. देश अमेरिका, साल १९५६, आणि त्या शोमध्ये हातात प्रश्नांची कार्डं घेऊन उभा असलेला होस्ट म्हणजे जॅक बॅरी.

जॅकचा जन्म २० मार्च १९१८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या लिंडेनहर्स्ट या गावातला. खरं आडनाव बॅराश. तो शिकला पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या वॉर्टन स्कूलमध्ये, म्हणजे आज आपले सीनिअर्स ज्या नावावर जीव टाकतात तिथेच! पण धंद्याचं शिक्षण घेऊन तो वळला रेडिओकडे. न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूओआर' स्टेशनवर त्याला डॅन एनराइट भेटला आणि दोघांची जोडी जमली. एनराइट पडद्यामागचा, बॅरी माइकसमोरचा. पुढे 'बॅरी अँड एनराइट' अशी कंपनीच निघाली. हे दोन नावांचं कंपनीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीचे दिवस मात्र एकदम गोड होते. १९४६ मध्ये 'ज्युवेनाइल ज्युरी' नावाचा रेडिओ कार्यक्रम आला. पाच लहान मुलं 'ज्युरी' म्हणून बसायची आणि दुसऱ्या मुलांच्या अडचणींवर सल्ले द्यायची. बॅरी त्यांना बोलतं करायचा. पुढच्याच वर्षी कार्यक्रम टीव्हीवर गेला. मग याच्या अगदी उलटा, ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांचा 'लाइफ बिगिन्स अ‍ॅट एटी'. दोन्हीकडे बॅरीचं काम एकच होतं : समोरच्याला मोकळं करायचं आणि आपण बाजूला राहायचं. वाटतं तितकं सोपं नाही ते. आपल्या गॅदरिंगचे अँकर्स आठवा, म्हणजे पटेल.

माझा सगळ्यात आवडता भाग आहे 'विंकी डिंक अँड यू'. १९५३ मध्ये सीबीएसवर सुरू झालेला हा मुलांचा कार्यक्रम, होस्ट पुन्हा बॅरी. मुलांनी पन्नास सेंट पाठवून एक किट मागवायचं. त्यात हिरवट प्लॅस्टिकचा पातळ कागद आणि क्रेयॉन्स. तो कागद टीव्हीच्या काचेवर घासला की स्टॅटिक चार्जने चिकटून बसायचा (फर्स्ट इयरचं फिजिक्स!). मग कार्टूनमधला विंकी डिंक नदीपाशी येऊन अडला की मुलांनी त्या कागदावर पूल काढायचा आणि विंकी तो पूल ओलांडून पळायचा. आज आपण इंटरॅक्टिव्ह हा शब्द येता-जाता वापरतो. इथे त्याच गोष्टीची सुरुवात आहे, तीही मायक्रोप्रोसेसर नसताना. ज्यांच्या आईबाबांनी किट घेऊन दिलं नाही त्या मुलांनी सरळ टीव्हीच्या काचेवर क्रेयॉन चालवला, हे वेगळं सांगायला नकोच.

आता येतो पैसा. जून १९५५ मध्ये सीबीएसवर 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' सुरू झाला आणि अमेरिकेला क्विझचं वेड लागलं. प्रत्येक चॅनेलला असा एक शो हवा झाला. बॅरी आणि एनराइटने डोकं लावून 'ट्वेंटी-वन' बनवला. १२ सप्टेंबर १९५६ ला तो एनबीसीवर आला. स्पॉन्सर होता जेरिटॉल नावाचं टॉनिक बनवणारी औषध कंपनी.

खेळाची रचना खरोखर हुशारीची होती. दोन स्पर्धक, दोन साउंडप्रूफ काचेच्या केबिन, कानाला हेडफोन. एकाला दुसऱ्याचं काही ऐकू जाणार नाही. प्रश्न एक ते अकरा गुणांचे, जितके गुण जास्त तितका प्रश्न अवघड. आपण किती गुणांचा प्रश्न घ्यायचा ते स्पर्धकाने ठरवायचं आणि आधी एकवीस गाठायचे. चुकलात तर तेवढे गुण वजा. दोन फेऱ्यांनंतर कोणालाही खेळ थांबवता यायचा, पण समोरच्याचे गुण किती हे माहीत नसताना! जिंकणाऱ्याला गुणांमधल्या फरकाच्या प्रत्येक गुणामागे ५०० डॉलर. बरोबरी झाली तर पुढच्या डावात हा भाव आणखी ५०० ने वाढायचा. म्हणजे बरोबरी जितक्या वेळा, तितका ताण जास्त. हे वाक्य एनराइटने नीट समजून घेतलं होतं.

कारण पहिल्या रात्री शो खरा खेळला गेला आणि साफ आपटला. स्पर्धकांना उत्तरंच येईनात. प्रश्नामागून प्रश्न चुकत गेले, बिचारा बॅरी कार्डं वाचतोय आणि केबिनमधून नुसती शांतता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पॉन्सरचा फोन आला की असं पुन्हा दिसता कामा नये. एनराइटने नंतर स्वतःच हे सांगितलं आहे. त्या फोननंतर 'ट्वेंटी-वन'मधलं नशीब संपलं आणि स्क्रिप्ट सुरू झालं.

पहिला मोठा हिरो बनवला गेला हर्ब स्टेम्पेल. क्वीन्समध्ये राहणारा, सैन्यातून परत येऊन सिटी कॉलेजमध्ये शिकणारा, अफाट पाठांतराचा मुलगा. त्याला बेढब सूट घालायला लावला, केस विचित्र कापायला लावले. गरीब एक्स-सोल्जर वाटला पाहिजे ना! उत्तर द्यायच्या आधी किती थांबायचं, ओठ कधी चावायचे, घाम कसा पुसायचा (पुसायचा नाही, टिपायचा) याची तालीम व्हायची. घाम खरा यावा म्हणून केबिनचा एसी बंद ठेवायचे. इंजिनिअरिंगचा असाही उपयोग!

काही आठवड्यांनी स्टेम्पेलचा कंटाळा येऊ लागला असं प्रोड्यूसर्सना वाटलं. तेव्हा शोधून आणला चार्ल्स व्हॅन डोरेन. कोलंबिया युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवणारा, उंच, देखणा, वडील मार्क व्हॅन डोरेन पुलित्झर मिळवलेले कवी. आधी दोघांच्या बरोबऱ्या लावल्या, ताण चढवला, आणि ५ डिसेंबर १९५६ ला स्टेम्पेलला हरायला सांगितलं. प्रश्न होता १९५५ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचा. उत्तर 'मार्टी'. स्टेम्पेलचा हा लाडका सिनेमा, उत्तर त्याला झोपेतही आलं असतं. पण त्याने ठरल्याप्रमाणे 'ऑन द वॉटरफ्रंट' असं चुकीचं उत्तर दिलं. आपल्याला उत्तर येतंय आणि देशासमोर येत नाही असं दाखवायचं... मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सर्वात क्रूर गोष्ट पैशांची नाहीच, ही आहे. स्टेम्पेल ४९,५०० डॉलर घेऊन घरी गेला. व्हॅन डोरेन मार्च १९५७ पर्यंत जिंकत राहिला, 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला आणि १,२९,००० डॉलर मिळवून व्हिव्हिएन निअरिंग या वकील बाईंकडून हरला. तेही अर्थात ठरवूनच.

या सगळ्यात बॅरी कुठे होता? अगदी मधोमध. दोन केबिनच्या मध्ये, सूट-टाय घालून, गंभीर चेहऱ्याने. तालमी घ्यायचे एनराइट आणि त्यांचा प्रोड्यूसर अल्बर्ट फ्रीडमन. पण प्रेक्षकांना ना एनराइटचा चेहरा माहीत ना फ्रीडमनचा. त्यांना माहीत होता तो बॅरीचा चेहरा, आणि त्यांनी विश्वास टाकला तो त्यावर. आणि कंपनीच्या पाटीवर पहिलं नाव त्याचंच. १९५७ मध्ये एनबीसीने या जोडीचे शो साधारण २२ लाख डॉलरला विकत घेतले, त्यात त्याचाही वाटा होता. १९९४ मध्ये रॉबर्ट रेडफर्डने यावर 'क्विझ शो' हा सिनेमा काढला. त्यात बॅरीचं काम ख्रिस्टोफर मॅक्डोनाल्डने केलंय, पण सगळं लक्ष स्टेम्पेल आणि व्हॅन डोरेनवर. होस्ट आपला हसतो आणि कार्डं वाचतो. मला तो सिनेमा खूप आवडला, तरी नेमका याच माणसाबद्दल तो काही विचारत नाही, हे खटकलं.

बिंग फुटायला दोन वर्षं लागली. स्टेम्पेल पेपरवाल्यांना सांगत सुटला होता, पण हरलेला माणूस जळतोय असंच सगळ्यांना वाटलं. ऑगस्ट १९५८ मध्ये 'डॉटो' नावाच्या दुसऱ्याच शोमध्ये एका स्पर्धक बाईंच्या वहीत उत्तरं सापडली आणि तो शो एका झटक्यात बंद झाला. मग स्टेम्पेलचं ऐकायला लोक तयार झाले. बॅरीने 'ट्वेंटी-वन'च्या सेटवरून, कॅमेऱ्यात बघून, आरोप साफ फेटाळले. ऑक्टोबरमध्ये 'ट्वेंटी-वन' बंद पडला. न्यूयॉर्कमध्ये ग्रँड ज्युरी बसली. दीडशेच्या आसपास साक्षीदार आले आणि डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी फ्रँक होगन यांच्या अंदाजाने त्यातले शंभरेक शपथेवर खोटं बोलले. शंभर! साधी, शिकलेली, घरदार असलेली माणसं.

पण एक स्पर्धक भलताच निघाला. जेम्स स्नॉडग्रास नावाचा चित्रकार. त्याला मिळालेले प्रश्न आणि उत्तरं त्याने कागदावर लिहिली आणि प्रोग्रॅमच्या आधीच स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून दिली. पाकीट फोडलंच नाही. १९५९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीसमोर ती पाकिटं आली, त्यावर पोस्टाचा शिक्का आणि तारीख. आता कोण काय बोलणार? २ नोव्हेंबर १९५९ ला व्हॅन डोरेनने सगळं कबूल केलं. त्याची युनिव्हर्सिटीची नोकरीही गेली आणि टीव्हीचीही.

आणि शिक्षा? इथे तुम्हाला धक्का बसेल. क्विझमध्ये उत्तरं आधी देणं हा त्या वेळी गुन्हाच नव्हता! तसा कायदाच नव्हता. तो १९६० मध्ये केला गेला. व्हॅन डोरेन आणि आणखी काही स्पर्धकांवर खटला झाला तो खोटी साक्ष दिल्याबद्दल, आणि तेही १९६२ मध्ये निलंबित शिक्षेवर सुटले. बॅरीला कोर्टाने काहीच केलं नाही. फक्त त्याला कोणी काम देईना. फ्लोरिडात बॅरी-एनराइटच्या मालकीचं एक रेडिओ स्टेशन होतं, ते सरकारी परवान्याच्या भानगडीत विकावं लागलं. एनराइट कॅनडात जाऊन काम करू लागला. बॅरी कॅलिफोर्नियात गेला. जो माणूस आठवड्याला कोट्यवधी घरांत दिसायचा, तो अमेरिकेच्या नॅशनल नेटवर्कवरून जवळजवळ दहा वर्षं नाहीसा झाला.

मग त्याने जे केलं ते मला भारी वाटतं. साठच्या दशकात त्याने लॉस एंजेलिसजवळच्या रेडोंडो बीच इथलं एक छोटं रेडिओ स्टेशन विकत घेतलं. धंदा म्हणून नाही फारसा. रेडिओ स्टेशन घ्यायचं तर सरकारचा परवाना लागतो, आणि परवाना देताना माणसाची चौकशी होते. आपल्याला परवाना मिळाला तर आपण वाळीत टाकलेलो नाही हे चॅनेलवाल्यांना दाखवता येईल, असा त्याचा हिशोब होता. परवाना मिळाला. याला माफी म्हणायची का? मला नाही तसं वाटत. त्याने कागदावर पत मिळवली, स्टेम्पेलला काही परत केलं नाही. पण नुसतं रडत न बसता आपलं नाव कुठे अडकलंय हे शोधून नेमकी तीच गाठ सोडवायला घेणं, हेही सोपं नाही.

१९६९ मध्ये एबीसीच्या 'द जनरेशन गॅप'ला अचानक नवा होस्ट हवा होता, तिथे तो मधूनच घुसला. १९७१ मध्ये स्वतःचा 'द रील गेम' आला आणि लवकर गेला. शेवटी ४ सप्टेंबर १९७२ ला सीबीएसवर 'द जोकर्स वाइल्ड' सुरू झाला. यात मोठाच्या मोठा स्लॉट मशीन, लिव्हर ओढला की तीन चक्रं फिरणार आणि जे विषय येतील त्यांवर प्रश्न. 'ट्वेंटी-वन'मध्ये सगळं ठरलेलं दिसू नये म्हणून केबिन होत्या. इथे तर नशीबच उघड्यावर गरगर फिरत होतं. बॅरी आता चोपन्न वर्षांचा. कार्यक्रम १९७५ पर्यंत सीबीएसवर चालला, आणि १९७७ पासून वेगवेगळ्या स्टेशन्सना विकला जाऊन पुन्हा जोरात सुरू झाला. मधल्या काळात बॅरीने कोणाला परत बोलावलं असेल? एनराइटला! कंपनीची जुनी पाटी, तीच दोन नावं, पुन्हा लागली. 'टिक-टॅक-डो' हा त्यांचा पन्नासच्या दशकातला शोसुद्धा १९७८ मध्ये परत आला. ज्याच्यामुळे दहा वर्षं गेली त्याच्याबरोबरच पुन्हा धंदा, हे आमच्या रूममध्ये वाद घालायला घेतलं तेव्हा निम्म्या मुली म्हणाल्या मैत्री, निम्म्या म्हणाल्या दोघं सारखेच.

बॅरी शेवटपर्यंत 'जोकर्स वाइल्ड'चा होस्ट राहिला. २ मे १९८४ ला, युरोपच्या ट्रिपवरून नुकताच परतलेला असताना, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जॉगिंग करताना त्याचं हृदय बंद पडलं. वय सहासष्ट. पुढच्या सीझनपासून त्याच्या जागी बिल कलन आला आणि १९८६ पर्यंत तो शो चालला.