कॅप्टन अल्बर्ट जॅका

१९१५ साली गॅलिपोलीच्या उभ्या कड्यांवर भारतीय पहाडी तोफखाना ज्या ऑस्ट्रेलियन पलटणींच्या मदतीला होता, त्यांतील एका साध्या शिपायाचे नाव पुढे त्या देशात घरोघरी पोहोचले. ते अल्बर्ट जॅका यांचे.

त्यांचा जन्म १० जानेवारी १८९३ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातील कष्टकरी कुटुंबात झाला. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते; पुढे वडिलांबरोबर मालवाहतूक आणि वनखात्यात मजुरी. युद्ध सुरू होताच ते स्वेच्छेने १४ व्या पायदळ पलटणीत दाखल झाले. १९ मे १९१५ च्या रात्री तुर्की सैनिकांनी खंदकाचा एक भाग बळकावला असता जॅका एकटेच त्यात उतरले आणि सात शत्रूंना ठार करून त्यांनी तो परत मिळविला. त्या युद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो हाच.

शिपायाचे ते कॅप्टन झाले, पण त्यापुढे बढती मिळाली नाही. फ्रान्समध्ये पोझिएर येथे अनेक जखमा अंगावर घेऊन त्यांनी बंदी झालेले सोबती सोडविले. बुलकूर येथे मोडक्या रणगाड्यांच्या भरवशावर माणसे मारली गेली, तेव्हा त्यांनी वरिष्ठांना न रुचणारा अहवाल लिहिला. हा स्पष्टपणा त्यांना भोवला, असे त्यांचे सोबती अखेरपर्यंत मानत. आणि त्यात तथ्य दिसते.

१९२० मध्ये पलटणीतील मित्रांसह त्यांनी मेलबर्नमध्ये विजेच्या सामानाच्या आयात-निर्यातीचा व्यवसाय उभारला. सेंट किल्डा या उपनगराचे ते १९२९ मध्ये नगरसेवक व १९३० मध्ये महापौर झाले. नेमकी तेव्हाच जागतिक मंदी कोसळली. त्याच वर्षी त्यांची पेढी बुडाली. स्वतःचा संसार डळमळीत झालेला हा महापौर मात्र बेकारांच्या अन्न-निवाऱ्यासाठी आणि भाडे थकल्याने घराबाहेर काढल्या जाणाऱ्या कुटुंबांसाठी राबत राहिला. पोटापाण्यासाठी त्यांनी साबणाच्या कंपनीत फिरत्या विक्रेत्याची नोकरी पत्करली. व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी साबणाचे नमुने घेऊन दारोदार फिरतो, हे दृश्य सहज डोळ्यांपुढे येत नाही.

जुन्या जखमा आणि विषारी वायूने पोखरलेले शरीर हा ताण सोसू शकले नाही. १७ जानेवारी १९३२ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. हजारो लोकांनी रांगेत उभे राहून अंत्यदर्शन घेतले. त्यांच्या शवपेटीला खांदा दिला तो व्हिक्टोरिया क्रॉसच्या आठ मानकऱ्यांनी.